पाठीमागून हाक

"त्याला एकदा पाठीमागून हाक मारून बघ, बाई," असं आत्याबाई म्हणाल्या होत्या, आणि सूनबाईनं ते हसून कानामागे टाकलं होतं.

आत्याबाईंचं बोलणंच तसं होतं. सूनबाईच्या सासऱ्यांची, आबांची, ही थोरली बहीण वर्षातून एकदा माहेरपणाला यायची, आणि आली की घरातली एक वस्तू तिच्या तावडीतून सुटायची नाही. पडदे फिके, चहा पाणचट, सूनबाईची पोर किरकिरी, आबांची विजार आखूड. त्याच दमात हेही.

"मनात आलं तर ऐकतो, नाहीतर भिंत. पोरीला त्याच्यावर सोपवशील, त्याआधी बघ हो."

"आबा विचारात असतात, आत्याबाई."

"विचारात? अगं, मी त्याला लंगोटात असल्यापासून ओळखते. एवढे विचार नव्हते कधी त्याच्याकडे."

सूनबाई खळखळून हसली. आत्याबाई दुसऱ्या दिवशी आपल्या घरी गेल्या आणि ते बोलणंही त्यांच्या पिशवीतून त्यांच्याबरोबर गेलं, असं तिला वाटलं. बोलणी अशी जात नसतात. कुठंतरी कोपऱ्यात बसून राहतात.

*

उद्यापासून सूनबाई पुन्हा कामावर जाणार होती. लांब नव्हे. घराच्या आवाराला लागूनच कारखाना, आणि कारखान्यात कापडाच्या चाचणीची खोली. पण आईला उंबऱ्यापलीकडचंही लांबच. सासूबाई, म्हणजे माई, कटिंगच्या टेबलावर, ताई हिशेब आणि गिऱ्हाइकं सांभाळणार, ताईचा धाकटा भाऊ, म्हणजे सूनबाईचा नवरा, मशीनवर. मग पोरीजवळ कोण? आबांनी छाती पुढं काढून सांगितलं होतं, "मी आहे ना! आता मला काम काय? भुंगी आणि मी."

पोरीला भुंगी म्हणायचे, कारण ती झोपण्याआधी गुणगुणायची. तोंड मिटून, नाकातून, एका सुरात. वर्ष उलटून गेलं होतं तरी शब्द दोनचारच, पण ते गुणगुणणं मात्र पक्कं. ते ऐकू येईपर्यंत सूनबाईचा जीव खाली बसायचा नाही. आणि ते थांबलं की पुन्हा उठायचा. पोर श्वास घेतेय ना, म्हणून ती तिच्या नाकाखाली बोट धरायची. बंड्या म्हणायचा, "तू झोप आता, ती झोपलीय." बंड्या म्हणजे तिचा नवरा, मोठं नाव होतं त्याला, पण ताईनं लहानपणी एकदा बंड्या म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

आणि आज कारखान्यात गाडी निजवायची होती.

या घराचा धंदा आवाज मारण्याचा. मोटारीच्या दारांत, छताच्या अस्तरामागे, डिकीच्या तळाशी, चाकांच्या वरच्या कमानीत, जिथं गिऱ्हाइकाची नजर जन्मात जात नाही, तिथं बसणारं कापड हे लोक करायचे. ना विणकाम, ना शिवण. पॉलिएस्टरचे बारीक तंतू पिंजून त्यांचा ढग करायचा, आणि तो ढग सुयांच्या मशीनखाली सरकवायचा. हजारो काटेरी सुया धाडकन खाली येतात, वर जातात, आणि तंतूंना एकमेकांत असे गुंतवतात की पुन्हा सुटायची सोय नाही. शांततेचं कापड, पण त्याच्या जन्माचा कल्लोळ असा की शेजारी उभ्या माणसाशीही खुणेनं बोलावं.

सूनबाई कॉलेजात हे सगळं सूत्रांत शिकली होती. पण पोर पोटात असताना, दुपारी चाचणीच्या खोलीत डोळे जड झाले की तिला ते वेगळंच दिसायचं. आवाज कापडात शिरतो. आत त्या तंतूंच्या रानात वाट चुकतो. या तंतूला धडकतो, त्या तंतूला धडकतो, दमतो, आणि शेवटी किंचितशी ऊब होऊन बसतो. आवाज मरत नाही, निजतो, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

निजवण्याची रीत आबांचीच. नवं कापड बाहेर जाण्याआधी ते एका गाडीत बसवायचं, गाडी सुयांच्या मशीनला खेटून उभी करायची, मशीन चालू, काचा बंद. आबा पुढच्या सीटवर बसणार, डोळे मिटणार. त्यांना डुलकी लागली तर कापड पास. नाही लागली तर गोदामात. चाचणीच्या खोलीतले आलेख कितीही सुंदर असोत, या घरात आलेखांनाही आबांची मान लागायची. गाड्यांच्या कंपन्यांची माणसंसुद्धा विचारायची, "आबांच्या कानाखालून गेलंय ना?"

आजचं कापड ताईचं होतं. केसाहून बारीक तंतू, जुन्या कापडाच्या निम्मंही वजन नाही. तिनं त्याच्यापायी केस पांढरे करून घेतले होते.

"आज नाही म्हणाले तर मी दुसरीकडे नोकरी धरीन," ती गाडीचं दार पुसत म्हणाली. आवाज तिचा बारीक, चिमणीसारखा. ती चिडली की आणखीनच बारीक व्हायचा.

"तू दर वेळी हेच म्हणतेस," बंड्या म्हणाला. "अगं, तळाला जाड थर एक लावू दे मला. पातळ कापड किंचाळणं खाईल, घरघर कोण खाणार?"

"झालं! लाव जाड थर. गाडी चालवायची आहे की गादी?"

"आबांना विचारू."

"तूच विचार. मी बोलले की ते खिडकीतून बाहेर बघतात. तू शिंकलास तरी म्हणतात, काय म्हणालास?"

बंड्या हसला. सूनबाईही हसली. ही या घराची जुनी थट्टा होती, आणि ताईचं जुनं दुखणं. थट्टेखाली दुखणं चांगलं झाकलं जातं.

*

गाडीच्या मागच्या सीटवर पोरांची खुर्ची बांधलेली होती. ती बसवून बघायची टूम ताईचीच, कारण या गाड्या लेकुरवाळ्यांसाठी होत्या. भुंगीला त्या खुर्चीत बसवलं, पट्टा लावला. बाहेर बंड्यानं मशीन चालू केलं. सूनबाई दार ओढून क्षणभर पोरीशेजारी बसली.

आणि जग विरघळलं.

काचेपलीकडे सुया वरखाली नाचत होत्या, बंड्या तोंड हलवत होता, छताच्या पारदर्शक पत्र्यातून उतरणाऱ्या उन्हात तंतूंचा पांढरा कापूस तरंगत होता, सावकाश, पाण्यात तरंगावा तसा. आवाज फक्त एक. भुंगीचं गुणगुणणं. ते सीटमधून येत होतं, छतातून येत होतं, तिच्या स्वतःच्या छातीतून येत होतं. किती महिन्यांनी तिचे कान कशाकडेच लागलेले नव्हते! कुठं दूध उतू जातंय, कुठं दार आपटतंय, कोण खोकतंय, काही नाही. तिला वाटलं, आपण पुन्हा कुणाच्या तरी पोटात आहोत. तिची मान कलली. गुणगुणणं थांबलं तेव्हा पोर झोपली होती, आणि आई अर्धी.

पुढचं दार उघडलं, कल्लोळ आत घुसला, आबा बसले, दार लागलं, कल्लोळ बाहेर राहिला. आबांनी मागे वळून हात हलवला. तू जा. मी आहे.

"पोरीनं तर पास केलं!" बाहेर आल्यावर ताई तिच्या कानाशी ओरडली.

"मी इथंच थांबते."

"अगं, आबा आहेत ना आत! चल, माईंनी चहा केलाय. उद्या काय करणार आहेस? खिडकीला नाक लावून बसणार?"

हे मात्र खरं होतं. आजची ही उद्याची रंगीत तालीमच. सूनबाई गेली.

*

ऑफिसच्या खोलीला कारखान्याकडे मोठी काच होती, आणि भिंतींना घरचंच कापड. दार लावलं की मशीन म्हणजे लांबवरची एक कुजबुज. सूनबाईनं काचेकडे तोंड करून खुर्ची घेतली. एक घोट चहा, एक नजर गाडीवर. आबांचं पांढरं डोकं सीटला टेकलेलं. मागं खुर्चीत पोरीचा हिरवा अंगरखा.

"आबांच्या चेहऱ्यावरून तरी होच दिसतंय," माई म्हणाल्या. कप भरताना त्यांचं लक्ष मात्र गाडीकडेच होतं, सूनबाईसारखंच. सासू आणि सून एकाच काचेतून बघत होत्या, पण दोघींची भीती वेगळी होती. हे सूनबाईला नंतर कळलं.

"हो म्हणाले तर उद्याच कंपनीला कळवते," ताई म्हणाली.

"तळाचा थर लावल्याशिवाय मी रोल बाहेर सोडणार नाही," बंड्या म्हणाला.

"तू कोण सोडणारा?"

"मशीन कोण चालवतं?"

"आणि गिऱ्हाईक कोण आणतं? मशीन चालवतो म्हणे! पाळणा हलवता येईना तुला, परवा पोर पालथी पडली तेव्हा—"

"कधी पालथी पडली?" सूनबाई गर्रकन वळली.

"काही नाही गं, गादीवरच पडली," बंड्या म्हणाला. "ताई, तुझ्या तोंडाला कापड लावायला पाहिजे एक."

"जाड थराचं लाव हो!"

माई हसल्या. सूनबाईला हसू आलं नाही. ती पुन्हा काचेकडे वळली.

भुंगी जागी झाली होती. तिचं तोंड उघडं होतं. सूनबाईला आधी वाटलं, जांभई. मग वाटलं, हसतेय. उन्हाचा एक पट्टा काचेवर पडला होता आणि त्यामागे ते इवलं तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं, काचेच्या भांड्यातल्या माशासारखं. हिरवा अंगरखा पट्ट्याविरुद्ध ताणला जात होता. चेहरा लाल. आणि तिच्या पुढं, हातभर अंतरावर, आबा डोळे मिटून बसलेले. एक तळवा दारावर टेकवलेला. ओठांवर हसू.

आता वळतील, असं तिला वाटलं. आता. स्वप्नात आपण धावायचं म्हणतो आणि पाय उचलत नाही, तशी ती बघत राहिली. पोरीनं डोकं मागं टाकलं, श्वास ओढला, पुन्हा तोंड उघडलं. आबांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

कप कुठं ठेवला तिला आठवत नाही. दार उघडलं तसा कल्लोळ अंगावर आला. ती गाडीपाशी पोचली, काचेला कान लावला, तरी फक्त सुयांचा धडधडाट. कुठंतरी खोल, डास गुणगुणावा तसं काहीतरी. मग तिनं दार ओढलं.

रडणं बाहेर सांडलं. घसा बसलेलं, फाटलेलं, बराच वेळ रडलेल्या पोराचं रडणं. तिनं पट्टा सोडवला, पोरीला छातीशी घेतलं, आणि त्या धडधडाटातही ते रडणं तिच्या हाडांतून ऐकू येत होतं.

मागून बंड्या धावत आला. त्यानं मशीन बंद केलं. सुया थांबल्या, जमिनीची थरथर थांबली, आणि तेव्हा कुठं आबांनी डोळे उघडले.

"झाली!" ते मोठ्यानं म्हणाले. दार उघडून उतरले, चेहरा उजळलेला. "ताई, झाली हो तुझी गाडी! मुंगीचा आवाज नाही आत. डुलकी लागली मला."

साऱ्या कारखान्यात तेवढं एकच रडणं होतं, छताला धडकून परत येणारं. आबांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग पोरीकडे. पोरीच्या ओल्या गालांकडे.

"आबा, ती रडत होती," सूनबाई म्हणाली.

आबा तिच्या ओठांकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. इतकी वर्षं ते असेच बघत आले होते, आणि तिला वाटायचं, किती लक्ष देऊन ऐकतात.

"कधी?" आबा म्हणाले.

*

माई पुढं झाल्या आणि त्यांनी आबांच्या कोपराला हात लावला. "चला, चहा निवतोय." नेहमीचाच हात. कुणी हाक मारली की माईंचा हात कोपराला. दारावरची घंटा वाजली की हात कोपराला. सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, एवढ्या वर्षांच्या संसारानंतरही किती प्रेम. प्रेमच होतं ते. पण त्या हाताला कामही होतं.

"माई, तुम्हाला ठाऊक होतं?"

माईंनी पदराशी चाळा केला. "कापड सगळं त्यांच्या कानावर विकलं जातं गं. कान गेला म्हटलं की लोक काय म्हणतील? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"त्या मुठीत माझी पोर होती, माई."

सूनबाईचा आवाज चढला नव्हता. पोर खांद्यावर हुंदके देत असताना आईला आवाज चढवता येत नाही. पण बंड्या, जो भांडणात नेहमी आईच्या बाजूला सरकायचा, तो तिच्या बाजूला येऊन उभा राहिला, आणि माईंनी ते पाहिलं.

ताई मात्र वेगळीच कुठंतरी हरवली होती. ती सावकाश चालत आबांच्या मागं गेली. मशीन बंद, पोर आता नुसती मुसमुसत होती. ताई आपल्या त्या बारीक आवाजात म्हणाली, "आबा."

आबा समोर बघत राहिले.

"आबा. मी मागच्या वर्षी विचारलं होतं, माझ्या कापडाला स्वतंत्र मशीन घेऊ का. तुम्ही खिडकीत उभे होता. एक शब्द न बोलता निघून गेलात. मी दोन महिने तुमच्याशी धड बोलले नाही. आबा."

मग बंड्या बोलला, त्याच्या जाड, घोगऱ्या आवाजात. "आबा!"

आबा वळले. "काय रे?" आणि वळल्यावर त्यांना मागं उभी ताई दिसली, तोंडावर हात दाबलेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बंड्याकडे पाहिलं, आणि काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं. ते गाडीच्या उघड्या दारात, सीटच्या कडेवर बसले.

"तुमचे बायकांचे आवाज आधी गेले," ते म्हणाले. "मग पाखरांचे. मग ही पोर आली, तर हिचा आलाच नाही. बंड्याचा अजून येतो, भिंतीपलीकडून यावा तसा. इतकी वर्षं या सुयांशेजारी उभा राहिलो, त्यांनी कान टोचले ते आरपार." त्यांनी तळवा उघडून दाखवला. "मी हातानं ऐकतो. दारावर हात ठेवला की घरघर कळते. हात गप्प झाला की मी म्हणतो, झाली."

ताई त्यांच्यासमोर उकिडवी बसली. त्यांच्या अगदी समोर, ओठ दिसतील असं. "मला वाटलं, तुम्हाला माझं काही पटत नाही."

"मला वाटलं, तू माझ्याशी बोलतच नाहीस," आबा म्हणाले.

उन्हात कापूस तरंगत होता. शेवटी बंड्यानं घसा साफ केला. "मग आता कापड पास की नापास?"

"पास," सूनबाई म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मी दाराला कान लावून उभी होते. आत माझी पोर जिवाच्या आकांतानं रडत होती, आणि मला ती ऐकू आली नाही. आणखी काय पाहिजे? चांगलं कापड आहे, ताई."

ताईनं ज्या शब्दांची इतकी वर्षं वाट पाहिली होती ते असे आले. तिनं मान खाली घातली.

आबा उठले. सूनबाईसमोर येऊन उभे राहिले. "उद्यापासून पोर माझ्याकडे नको."

इथं कुणीतरी म्हणायला हवं होतं, असं कसं आबा, तुमचीच नात आहे. माईंचे ओठ हललेही. पण सूनबाई आधी बोलली, एकेक शब्द सुटा करत, त्यांना दिसेल असा. "तुमच्याकडेच राहील. पण एकटी नाही ठेवणार, आबा. माई कटिंगचं टेबल सोडून घरी थांबतील. आणि कानाच्या डॉक्टरकडे मी तुम्हाला नेणार. या आठवड्यात."

"लोक बघतील."

"बघू दे."

आबांनी मान हलवली. पोरीचे हुंदके आता लांब लांब होत चालले होते. रडून दमलेली पोर आईच्या खांद्यावर कलली, तोंड मिटलं, आणि तिचं ते जुनं सुरू झालं, नाकातून, एका सुरात, घसा बसल्यानं जरा खरखरीत. सूनबाईनं आबांचा हात धरला आणि पोरीच्या पाठीवर ठेवला. दारावर ठेवायचे तसा, तळवा पसरून.

आबांनी डोळे मिटले.

"भुंगी," ते म्हणाले. "हिला भुंगी का म्हणता, ते आज कळलं मला."

गुणगुणणं थांबेपर्यंत त्यांनी हात काढला नाही. थांबल्यावरही नाही.

*

त्या घराचं पुढं काय झालं ते येईलच ओघानं. पण ही कादंबरी जरा बाजूला ठेवा. तुमच्याही घरात एखादं माणूस असेल, हल्ली फार गप्प झालेलं, बोललेलं मनावर न घेणारं, हाकेला ओ न देणारं. तुम्ही म्हणत असाल, विचारात असतात, रुसलेत, वय झालं. उठा, आणि त्यांना एकदा पाठीमागून हाक मारून बघा. बारीक आवाजात मारा. त्यांनी वळून पाहिलं तर ठीकच. नाही पाहिलं, तर पुन्हा मोठ्यानं मारू नका. चालत पुढं जा, त्यांच्यासमोर उभे राहा, आणि मग बोला.